विहाराचं कुलूप रोज उघडावं म्हणून: अभ्यासिका आणि संस्था नोंदणीचा आमचा अनुभव

जय भीम. आमच्या वस्तीतल्या बुद्ध विहारात आम्ही अभ्यासिका सुरू केली आणि त्यासाठी धर्मादाय कार्यालयात संस्था रीतसर नोंदवून घेतली. ऑक्टोबर २०२२ ला विषय निघाला आणि आत्ता जुलै २०२४ मध्ये म्हणता येईल की बसलं सगळं नीट. मधल्या काळात मी कितीतरी जणांना फोन करून विचारलं की तुमच्याकडे कसं केलं, तर बहुतेक जण म्हणायचे, वकिलाकडे द्या, तो करतो. वकील करतो हे खरंय, पण तो काय करतो, कुठे अडतं, किती थांबावं लागतं, खिशातून किती जातात हे कुणी सांगत नाही. म्हणून लिहून ठेवतेय, कुणाला तरी उपयोग होईल.

आमचं गाव विदर्भातलं, तालुक्याचं ठिकाण. विहार जुनं आहे, लोकांनी वर्गणी काढून आणि रविवारी रविवारी श्रमदान करून बांधलेलं. मोठा हॉल, समोर ओटा, मागे एक खोली जिच्यात सतरंज्या, लाउडस्पीकर आणि जयंतीचं सामान. रविवारच्या वंदनेला आणि पौर्णिमेला उघडायचं, वर्षावासात (पावसाळ्यातल्या तीन महिन्यांत) रोज संध्याकाळी ग्रंथवाचन, बाकी वेळ कुलूप. आणि त्याच वस्तीत दहा बाय बाराच्या खोलीत पाच-सहा माणसं, टीव्ही चालू, बाजूला कुकर, त्यात दहावीचं पोरगं कुठे बसून अभ्यास करणार? पोरं शाळेच्या ओट्यावर रस्त्याच्या लाइटखाली बसायची. पोरींना तर तेही नाही. खाजगी अभ्यासिका गावात दोन आहेत, महिन्याला सहाशे-सातशे रुपये, रोजमजुरीच्या घरात ते जमत नाही.

२०२२ चा वर्षावास १३ जुलैला सुरू झाला, वाचनाची पाळी बरेचदा माझ्याकडे असायची. ९ ऑक्टोबरला समारोप झाला, खीरदान झालं, आणि भांडी आवरता आवरता मी विषय काढला की हे तीन महिने रोज उघडलंच ना आपण, मग वर्षभर का नाही उघडत? बायका लगेच हो म्हणाल्या. मोठ्या माणसांना दोन शंका होत्या आणि त्या खोट्या नव्हत्या. पहिली, टेबल-खुर्च्या मांडल्या तं वंदनेले लोकं बसतीन कुठी? दुसरी, जी नोव्हेंबरच्या मीटिंगमध्ये जास्त ताणली गेली, ती म्हणजे नोंदणी कशाला. आमच्यातले सगळ्यात वयस्कर बाबा म्हणाले, "कागदानं काय होते व माय, आमी चाळीस वर्षं बिनाकागदाचंच चालवलं न."

मला नोंदणी हवी होती त्याचं कारण साधं आहे. नोंदणी नसली की पैसा कुणाच्या तरी एकाच्या खात्यात, चावी कुणाच्या तरी एकाच्या घरी, आणि तो माणूस कितीही चांगला असला तरी काम त्याच्या नावाचं होऊन जातं. पुढे दोन गट पडतात आणि कुलूप परत लागतं. आजूबाजूच्या गावांत हे पाहिलंय आम्ही. आमच्यातले एक रिटायर पोस्टमन काका त्या मीटिंगला वाचून आले होते, त्यांनी सांगितलं की बाबासाहेबांनी १९२४ ला बहिष्कृत हितकारिणी सभा काढली ती १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली रीतसर नोंदवलेली होती, आणि पुढच्याच वर्षी सोलापूरला विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केलं. सभेच्या उद्देशांत वसतिगृहं होती, वाचनालयं होती, अभ्यास मंडळं होती. आपण ज्या कायद्यात अर्ज करणार तो तोच कायदा. बाबा थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "बाबासायबानंच केलं हाय तं मंग आपण काऊन मांग राहाव?" तिथे ठराव झाला.

आता प्रक्रिया. महाराष्ट्रात दोन नोंदण्या असतात आणि लोक इथेच गोंधळतात. एक १८६० च्या कायद्याखाली संस्था म्हणून, दुसरी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली ट्रस्ट म्हणून. दोन्ही कामं जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयातच होतात. पहिलीचं प्रमाणपत्र आलं की काम झालं असं समजून घरी बसू नका, दुसरीचा अर्ज लगेच टाकायचा असतो, आणि ट्रस्टचा जो नंबर मिळतो (आमच्यासारख्या संस्थांना तो 'एफ' अक्षराने सुरू होतो, सगळे त्याला एफ नंबरच म्हणतात) तो मिळाल्याशिवाय पुढे बँक, देणगी सगळं अडतं.

संस्थेला कमीत कमी सात माणसं लागतात. आमचं काम बघणाऱ्या वकीलदादांनी सांगितलं, एकाच घरातले दोघं घेऊ नका, त्रुटी निघते. आम्ही नऊ घेतले, त्यात पाच बायका. कोषाध्यक्ष म्हणून भाजी विकणाऱ्या आजींना घेतलं, कारण त्या वीस वर्षं वस्तीतली भिशी चालवतात आणि एक रुपयाचं भांडण कधी झालेलं नाही. त्यांना फक्त सही येते. सही येत असेल तर कायद्याला अडचण नाही, हिशोबाची वही बारावीतली एक मुलगी लिहिते आणि आजी ऐकून तपासतात.

सगळ्यात जास्त वेळ द्या तो घटना आणि नियमावलीला. वकिलांकडे छापील नमुना असतो, त्यात तीस-पस्तीस उद्देश असतात, दवाखाना, वृद्धाश्रम, गोशाळा, संगीत विद्यालय, काय वाट्टेल ते, पुढे कधी लागलं तर असू द्या म्हणून. आम्ही विहारात बसून एक एक ओळ मोठ्याने वाचली, आणि जे आपण करणार नाही ते खोडलं. अभ्यासिका, वाचनालय, मार्गदर्शन वर्ग, मुलींच्या शिक्षणाला मदत, एवढंच ठेवलं. आणि एक कलम आम्ही आग्रहाने घातलं, की जात, धर्म, लिंग, भाषा न पाहता सुविधा सगळ्यांना मिळेल. दुसरं, कार्यकारिणीत निम्म्या जागा बायकांच्या. संस्था बंद पडली तर मालमत्ता अशाच उद्देशाच्या दुसऱ्या संस्थेला जाईल, सभासदांत वाटली जाणार नाही, हे कलमही असतंच, ते सगळ्यांना समजावून सांगा, नाहीतर नंतर कुणीतरी म्हणतं आमची वर्गणी परत द्या.

कागद कुठले लागले ते सांगते. विधानपत्र (संस्थेच्या उद्देशांचा कागद), नियमावली, सगळ्यांची ओळखपत्रं आणि पत्त्याचे पुरावे, फोटो, संमतीपत्रं, एकाला अर्ज करायचा अधिकार दिल्याचं पत्र, प्रतिज्ञापत्र, आणि कार्यालयाच्या जागेचं ना-हरकत पत्र सोबत लाइट बिल. आम्ही अडलो ते या शेवटच्यावर. विहाराचं मीटर ज्यांच्या नावावर होतं ते काका वारलेले, आणि जागेचा धड उतारा कुणाकडे नाही. जुन्या वस्त्यांमधल्या बऱ्याच विहारांची हीच स्थिती आहे. यावर उपाय असा निघाला की संस्थेचं नोंदणीकृत कार्यालय सचिवांच्या घरी दाखवलं, त्यांच्या आईने ना-हरकत दिली, आणि विहार वापरायचा वेगळा ठराव वस्तीच्या सभेत सह्या घेऊन केला. म्हणजे जागेचा प्रश्न सुटेपर्यंत नोंदणी थांबवायची गरज नाही. मीटरवरचं नाव बदलायला मृत्यूचा दाखला आणि वारसांची संमती मागितली, ते काम अजून चालू आहे.

अजून एक, जे आम्हाला आधी माहीत नव्हतं आणि वकीलदादांनी वेळेवर सांगितलं. नोंदणी नसताना लोकांकडून वर्गणी गोळा करायला त्याच १९५० च्या कायद्यातल्या कलम ४१ क खाली परवानगी लागते, गणपती मंडळवाले घेतात ती. त्यामुळे एफ नंबर येईपर्यंत आम्ही बाहेर पावती पुस्तक फिरवलंच नाही, नऊ जणांनी आपापसांत दीड-दीड हजार काढले, त्यावर कागदाचं काम भागवलं.

अर्ज ३ जानेवारी २०२३ ला टाकला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, तो दिवस मुद्दाम धरला होता. नावाला पर्याय द्यायचे असतात कारण तेच किंवा तसंच नाव आधी कुणाचं असेल तर मिळत नाही, आमचं पहिलं नाव गेलं, दुसरं मिळालं. नंतर त्रुटीचं पत्र आलं, एका सभासदाच्या आधारवर आणि संमतीपत्रावर नावाचं स्पेलिंग वेगळं. हे घरीच तपासून घ्या, अगदी वडिलांच्या नावासकट. संस्थेचं प्रमाणपत्र मार्च अखेरीस हातात आलं आणि त्याच आठवड्यात ट्रस्टचा अर्ज दिला.

जिल्ह्याला जायला एसटीने दीड तास. मी मेडिकल स्टोअरमध्ये काम करते, रजा म्हणजे त्या दिवसाचा पगार गेला, बाकीच्यांचंही तेच, मजुरी बुडते. १७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं त्यामुळे आम्ही बायकाच जास्त गेलो, खरंच सांगते, आमच्या कामाला त्याची मोठी मदत झाली. जायच्या आधी वकिलांकडून बोर्डावर (म्हणजे त्या दिवशीच्या सुनावण्यांच्या यादीत) आपलं प्रकरण आहे का ते फोनवर खात्री करून घ्या. साहेब रजेवर, साहेबांकडे दोन जिल्ह्यांचा चार्ज, आज बोर्ड मोठा आहे पुढची तारीख घ्या, असं होतं. मे आणि जून असेच गेले. उन्हाळ्यात कार्यालयाच्या व्हरांड्यात बसून परत यायचं तेव्हा मन खचतं, आणि गावात लोक विचारतात काय झालं तुमच्या संस्थेचं. त्या दोन महिन्यांत मला वाटलं होतं सोडून द्यावं. तिथे वाट बघणारे सगळेच असतात, देवस्थानवाले, मदरशाचे विश्वस्त, शाळावाले, आम्ही एकमेकांचे कागद बघून एकमेकांना सांगायचो काय कमी आहे ते, त्या व्हरांड्यात मी जेवढं शिकले तेवढं कुठल्याच व्हिडिओत मिळालं नाही.

ट्रस्टच्या नोंदणीत चौकशी असते. हरकत असेल तर कळवा अशी नोटीस लागते, तिची मुदत संपेपर्यंत थांबायचं, मग सुनावणी. जुलैमध्ये आमची झाली. घाबरण्यासारखं काही नसतं, उद्देश काय, सुरुवातीची रक्कम किती, पैसा कुठून येणार, एवढंच विचारतात. साहेबांनी कोषाध्यक्ष कोण म्हणून विचारलं, आजी उभ्या राहिल्या, डोक्यावर पदर, हातात पिशवी. आजी, संस्था कशासाठी काढताय? आजी म्हणाल्या, "पोरायले बसाले जागा पायजे, साहेब." साहेबांनी मान हलवली आणि लिहून घेतलं. आमच्या घटनेत तोच उद्देश दोन पानांत लिहिलेला आहे. एफ नंबरचं प्रमाणपत्र ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात मिळालं.

खर्च मोकळेपणाने सांगते. वकिलांची फी दहा हजार (त्यांनी वस्तीचं काम म्हणून कमी घेतली, जिल्ह्याला पंधरा-वीस सांगत होते), कोर्ट फी, नोटरी, टायपिंग, झेरॉक्स मिळून अडीच हजारांच्या आसपास, पॅन कार्ड १०७ रुपये. जाण्यायेण्याचा आणि बुडालेल्या मजुरीचा हिशोब वेगळा, तो कुठल्याच पावतीवर येत नाही.

पॅन काढताना लक्षात ठेवा, संस्थेचं नाव प्रमाणपत्रावर मराठीत असतं आणि पॅनवर इंग्रजीत, तर इंग्रजी स्पेलिंग एकदाच ठरवा, ठरावात लिहून ठेवा आणि पॅन, बँक, शिक्का, लेटरहेड सगळीकडे तेच वापरा. बँकेने आमचं खातं उघडायला सहा-सात आठवडे घेतले. प्रत्येक वेळी नवीन कागद, एकदा मूळ प्रत, एकदा सगळ्या विश्वस्तांचं केवायसी, एकदा ठरावात सह्यांचे अधिकार स्पष्ट नाहीत. शेवटी मी कागदांची यादीच त्यांच्याकडून लिहून मागितली, त्यानंतर एका फेरीत काम झालं. हे पहिल्या दिवशीच मागा. सह्या तिघांपैकी दोघांच्या ठेवल्यात आणि त्यात कोषाध्यक्षांची लागतेच.

या सगळ्या काळात विहारात काम थांबलेलं नव्हतं, आणि इथे मला एक गोष्ट जीव तोडून सांगायचीय. पुस्तकांच्या आधी संडास बांधा. आमच्या विहाराला संडास नव्हता. मुलं कशीही निभावतात, पोरी दोन तासांत उठून घरी जातात आणि परत येत नाहीत, मासिक पाळीच्या दिवसांत तर येतच नाहीत. मागच्या खोलीचा कोपरा तोडून आम्ही संडास केला, मजुरी वस्तीतल्याच दोन गवंड्यांनी घेतली नाही, सामानाला अडतीस हजार लागले, तीच आमची पहिली मोठी खरेदी. टेबल-खुर्च्यांचा वाद बैठ्या डेस्कने मिटला, सतरंजीवर मांडायचे, वंदनेच्या वेळी भिंतीला लावून ठेवायचे. सुताराकडून पंचवीस करून घेतले. पुस्तकं बरीचशी मिळाली कारण ६ डिसेंबरला हार-मेणबत्त्यांऐवजी वही-पेन आणि जुनी पाठ्यपुस्तकं आणा असं आम्ही सांगितलं होतं.

३ जानेवारी २०२४ ला अभ्यासिका सुरू झाली. वेळ सकाळी सहा ते नऊ आणि दुपारी चार ते रात्री साडेनऊ. फी नाही. फॉर्मवर फक्त नाव, वर्ग आणि घरचा फोन, आधार मागत नाही, कारण जवळच्या पारधी बेड्यावरच्या (पारधी समाजाच्या वस्तीतल्या) काही लेकरांकडे ते नाही आणि बसून वाचायला आधार लागत नाही. चावी महिला मंडळाकडे पाळीने असते, रात्री दोघी जणी शेवटची मुलगी घरी पोचेपर्यंत थांबतात. संध्याकाळी सातला वंदना, अर्धा तास. त्या वेळी अभ्यास थांबतो, ज्यांना वंदनेला बसायचं ते बसतात, ज्यांना नाही ते ओट्यावर वाचत बसतात, कुणावर काही बंधन नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पलीकडच्या मोहल्ल्यातली बारावीची एक मुलगी ओट्याखाली चपला हातात घेऊन उभी होती. "दीदी, हम अंदर आ सकते क्या?" मी म्हटलं ये की. पण त्या रविवारी विषय निघालाच, दोघा-तिघांचं म्हणणं, जागा कमी आहे, आधी आपली लेकरं. जागा कमी होती हे खरं होतं. पोस्टमन काकांनी कपाटातून घटना काढली आणि ते कलम वाचून दाखवलं, खाली सगळ्यांच्या सह्या, म्हणणाऱ्यांच्यासुद्धा. मग चर्चा आधी कोण यावरून हटली आणि दोन पाळ्या कशा लावायच्या यावर आली. आता मांग गल्लीतली, मोहल्ल्यातली, बेड्यावरची मुलं येतात. आपण पंचशील म्हणतो, मैत्री म्हणतो, बुद्धासमोर हात जोडतो, तर त्याच छपराखाली दुसऱ्याच्या लेकराला चटई टाकून देणं हीसुद्धा वंदनाच आहे असं मी मानते, आणि ते त्या दिवशी घटनेच्या कागदामुळे सोपं झालं.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वंदनेनंतर हिशोब मोठ्याने वाचतो. फिनाइल, झाडू, वीज बिल, सगळं. सुरुवातीला लोक उठून जायचे, आता थांबतात आणि प्रश्न विचारतात. १४ एप्रिलला तरुण मुलांनीच डीजे कमी करून लेझीम आणि ढोल-ताशावर मिरवणूक काढली आणि उरलेले पंधरा हजार इन्व्हर्टरला दिले, कारण मार्चमध्ये दहावीचे पेपर चालू असताना लाइट जायची तेव्हा मोबाइलच्या टॉर्चवर काय हाल झाले ते त्यांनी बघितलं होतं. दहावीचा निकाल २७ मे ला लागला, येणारी सगळी पास झाली नाहीत, तीन मुलं राहिली, ती आता पुरवणी परीक्षेसाठी सकाळच्या पाळीत बसतात. जूनपासून पोलीस भरतीची मैदानी सुरू झाली, चार मुली पहाटे धावून तशाच येतात आणि पेपरची तयारी करतात.

पुढचं जे राहिलंय तेही सांगते, कारण नोंदणीनंतरचं कुणी सांगत नाही. दरवर्षी ३१ मार्चला हिशोब बंद करून सीएकडून ऑडिट आणि ३० सप्टेंबरच्या आत धर्मादायला सादर, आमचे सीए पाच हजार घेतात. कार्यकारिणीत कुणी बदललं तर ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा, हा लोक देत नाहीत आणि वीस वर्षांनी मेलेल्या माणसांची नावं कागदावर राहतात. देणगीदाराला करसवलत द्यायची तर (२०२४ च्या नियमांप्रमाणे) आयकराची १२ अ आणि ८० जी नोंदणी, अर्ज ऑनलाइन आहे, आमचा मागच्या महिन्यात भरला. दोन हजारांच्या वर रोख देणगीला ८० जी ची सवलत मिळत नाही, म्हणून मोठी रक्कम चेकने किंवा ऑनलाइनच घ्या आणि पावती त्याच दिवशी फाडा.

पावसाने मागच्या खोलीचं छत गळतंय, पुस्तकांची दोन कपाटं हॉलमध्ये सरकवलीत. पत्र्याचं कोटेशन आणलंय, येत्या रविवारी हिशोबाच्या वेळी ते मांडणार आहोत.